तीच बाई, तीच चूल

“ती काय घालायची विसरते, भन्ते?”

भन्ते सुमेध विहाराच्या अंगणात गळलेली चाफ्याची फुलं झाडत होते. त्यांचा हात थांबला नाही.

“कोण?”

“मे खाम. मासा तोच, पान तेच, चूलही तीच... आणि चव नाही.”

लाओसमधलं, मेकाँग नदीच्या काठचं हे एवढंसं गाव. भन्ते मूळचे यवतमाळकडचे, पण इथल्या विहारात राहून त्यांच्या भुवयाही आता पिकल्या होत्या. प्रश्न विचारणारे यशोधन केळुसकर हल्ली पुण्याचे. देशोदेशी हिंडायचं, तिथलं अन्न चाखायचं आणि निकाल द्यायचा, हा त्यांचा व्यवसाय. मोठ्या स्पर्धांमध्ये त्यांनी चमचा खाली ठेवला, की भलेभले आचारी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे.

गावात ते आले तेही अपघातानंच. नाव बंद पडली, अंधारून आलं, आणि ओलेचिंब केळुसकर दिसेल त्या घरात शिरले. ते मे खामचं घर. ‘मे’ म्हणजे आई. सगळं गाव तिला तशीच हाक मारी. तिनं केळीच्या पानात वाफवलेला नदीचा मासा आणि चिकट भात पुढे केला. जेवून उठल्यावर केळुसकरांच्या ध्यानात आलं, की आपण काहीच पारखलं नाही. नुसते जेवलो. किती वर्षांनी!

मग ते गावातच राहिले. आपण कोण आहोत, हे त्यांनी भन्तेंकरवी मे खामला कळवलं आणि रोज तिच्याकडे तोच मासा मागितला. रोज चव थोडी थोडी निसटत गेली. उद्या सकाळच्या नावेनं त्यांना परतायचं होतं. आपली जीभच संपली की काय, ही भीती त्यांनी अजून कुणाला सांगितली नव्हती.

“पहिल्या दिवशी पानात काय होतं?” भन्तेंनी विचारलं.

“शेपू. गवती चहा. भाजलेली मिरची, बारके कांदे. भिजवून वाटलेले तांदूळ. मुरवलेल्या माशाचं पाणी.” केळुसकरांनी धडाधड सांगून टाकलं.

“आणि शेजारी कोण होतं?”

“शेजारी?... माणसं होती काही, जेवणारी. नीट आठवत नाही.”

भन्तेंनी झाडू भिंतीला टेकवला.

“चला.”

“पण तुम्ही तर दुपारनंतर जेवत नाही.”

“भूक तुम्हाला लागली आहे, भाऊ.”

ऊन कलत होतं. मे खामच्या ओसरीवर रोजच्यासारखं शाळेतून मागून आणलेलं टेबल मांडलं होतं. त्यावर काचेची बशी, काटा, चमचा. मासा पानातून सोडवून बशीत रचलेला, वर काकडीचं कोरीव फूल. एक खुर्ची. मे खाम ठेवणीतलं रेशमी वस्त्र नेसून दाराशी उभी होती, हात जुळवून, पाहुण्याच्या तोंडाकडे बघत.

केळुसकर सवयीनं खुर्चीकडे निघाले.

भन्ते पुढे झाले आणि खुर्चीवर जाऊन बसले.



“भन्ते... ती खुर्ची...”

“चांगली आहे,” भन्ते म्हणाले.

दुसरी खुर्ची नव्हती. असती तरी भिक्खूच्या बरोबरीनं बसायची तिथे रीत नाही. केळुसकर थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली अंथरलेल्या चटईवर टेकले.

मे खाम पार गोंधळली. जेवण टेबलावर, आणि टेबलाशी न जेवणारा माणूस! तिनं बशी उचलली, चटईवर ठेवली. एवढ्या मोठ्या चटईवर ती एकटी बशी फारच केविलवाणी दिसायला लागली. आतून तिच्या सासूनं डोकावून पाहिलं आणि काहीतरी म्हटलं. घरात हशा पिकला.

नवरा बाहेर आला. एका हातात भाताची बांबूची करंडी, दुसऱ्या हातात घरच्यांसाठी ठेवलेला मासा, धुरानं काळ्या पडलेल्या पानातला. सासूबाई आल्या आणि त्यांनी केळुसकरांना बाही धरून सरळ बाजूला सरकवलं. मग भाताचा एक गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला.

मे खाम अजून उभीच होती.

नवरा वर न बघता काहीतरी पुटपुटला.

“काय म्हणतो?” केळुसकरांनी विचारलं.

“भात निवतोय म्हणतो,” भन्ते म्हणाले.

ती बसली. नवऱ्यानं काकडीचं फूल उचलून तोंडात टाकलं, कराकरा चावलं. तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग बोलायला लागली, बोलता बोलता खायला लागली, खाता खाता काटे काढून मांजरासमोर टाकायला लागली. केळुसकरांच्या तोंडाकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं.

माशाच्या गालाशी मऊ मांसाचा एक तुकडा असतो. मालवणात लहानपणी केळुसकर त्यासाठी भावंडांशी भांडत. त्यांची बोटं तिकडे गेली, त्याच क्षणी मे खामचीही गेली. दोघं थबकले. तिनं तुकडा त्यांच्याकडे सरकवला... मग थोडा विचार केला आणि अर्धा मोडून स्वतः घेतला.

केळुसकर खळखळून हसले. किती खाल्लं, त्यांना कळलं नाही. पान रिकामं झालं तेव्हा ते बोटं चाटत होते.

विहाराकडे परतताना नदीवर तांबूस उजेड पसरला होता. भन्ते पुढे, केळुसकर मागे. पोट भरलेल्या माणसाची संथ चाल. शेवटी केळुसकरांना राहवेना.

“होती, भन्ते! तीच चव होती.”

“हं.”

“पण काय घातलं होतं तिनं आज?”

भन्ते थांबले. पाण्याकडे बघत राहिले...

“आज ती जेवली, भाऊ.”