मागनं जेवणारी आई

निळा निळा डोंगर, हिरवागार ओढा, आणि दोघांच्या मधोमध इवलीशी माळेवाडी. या माळेवाडीत शेवूचं घर कुठलं, हे कुणाला विचारावं लागायचं नाही. नाक वर करून चालत राहायचं. खरपूस वास आला की थांबायचं. तेच शेवूचं घर!

घरापुढे होती एक भट्टी. भट्टीवर मोठ्ठी काळी कढई, कढईत तांबूस वाळू. वाळू तापली की शेवूची आई सुंद्रा तिच्यात तांदूळ टाकायची. मग काय, फट्, फट्, फटाफट! पांढरेशुभ्र चुरमुरे कढईत उड्या मारायला लागायचे. आई ते चाळणीनं चाळायची, शेवूचे वडील, म्हणजे आबा, भट्टीत पालापाचोळा सारायचे, आणि चिमुकली शेवू ठिगळांचा परकर सावरत चुरमुरे टोपलीत भरायची. साऱ्या गावाच्या भेळेत याच घरचे चुरमुरे असायचे. घरात मात्र भाकरीबरोबर कोरड्यास असलं तर असलं, नसलं तर चटणी.

भाकरी थोडी होती, याचं शेवूला काही वाटत नसे. तिला वेगळंच वाटत असे. घरात आधी आबा जेवायचे, मग शेवू, मग मांजर. दारात कुणी आलं तर तोही जेवून जायचा. आणि आई?

आई म्हणायची, "तुम्ही घ्या जेवून. मी जेवते मागनं."

आता हे "मागनं" यायचं तरी कधी? चुरमुरे झाले की फुटाणे, फुटाणे झाले की धुणं, धुणं झालं की भांडी. तहान लागली तरी आई म्हणे, एवढा घाणा होऊ दे. डोळे मिटायला लागले तरी म्हणे, एवढं पोतं भरू दे. बिचारी भाकरी टोपल्यात वाट बघून बघून वाळून जाई.

आणि एके दिवशी आईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. चाळणी हातातून निसटली, आणि आई भट्टीच्या अंगाला कलली. आबांनी झटकन ओढलं म्हणून बरं, नाहीतर तापलेल्या वाळूनं हात भाजला असता!

गावात औषधपाणी करणारी यमनाआजी होती. तिनं आईचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, नाडी पाहिली. मग आपल्याच कपाळाला हात लावला.

"रोग बीग काही नाही हिला," आजी म्हणाली. "वेळेवर खात नाही, पाणी पीत नाही, झोपत नाही. असंच चाललं तर अंथरूण धरंल बघ. मग माझ्याकडं औषध नाही."

"मला काय धाड भरलीय!" आई हसून म्हणाली, आणि आजी वळायच्या आत पुन्हा भट्टीपुढे जाऊन बसली.

शेवूला मात्र हसू आलं नाही. आईनं अंथरूण धरलं तर? या एका विचारानं तिला रडू फुटलं. पाला गोळा करायचं निमित्त करून ती ओढ्यापलीकडच्या बकुळीच्या राईत गेली.

काय सुंदर होती ती राई! हिरव्या पानांतून उन्हाचे सोनेरी कवडसे खाली झिरपत होते. बकुळीची फुलं टपटप टपटप पडत होती आणि जमिनीवर नाजूक चांदण्यांचा सडा पडला होता. निळी, जांभळी, केशरी फुलपाखरं भिरभिरत होती. आणि तेवढ्यात शेवूला कुणाचा तरी मुसमुसण्याचा आवाज आला.

एका लालचुटुक अळंबीवर अंगठ्याएवढी परी बसली होती! गुलाबी झुळझुळीत झगा, मोरपंखी पंख, केसांत दवाचे लुकलुकते मणी. आणि चेहरा? रुसून टम्म फुगलेला.

"माझा डबा सांडला!" परी म्हणाली. "वारा आला नि माझं जेवणच उडवून नेलं."

शेवूनं पटकन परकराच्या ओच्यातली पुरचुंडी सोडली. त्यात तिचे दुपारचे चुरमुरे होते.

"हे घे ना परीताई. गरम नाहीत, पण कुरकुरीत आहेत."

"आणि तू काय खाशील?"

"मी खाईन मागनं."

परीनं एक भुवई उंच केली. तिनं दवानं हात धुतले, पानाचा पाट मांडला, मांडी घालून बसली, आणि दोन्ही हातांत एक चुरमुरा धरून सावकाश, मन लावून खाऊ लागली. फुलपाखरं तिला बोलवायला आली. कुणाला तिचं काम होतं, कुणाची घाई होती. परीनं हातानंच सांगितलं, थांबा. मग ती पाणी प्यायली, पंख पसरून जरा उन्हात पडली, आणि मगच उठली.

शेवू बघतच राहिली. "परीताई, तुला कामं नसतात?"

"ढीगभर असतात! म्हणून तर जेवते. एकदा उपाशीपोटी जादू करायला गेले. राजानं घोडा मागितला नि आली घूस! तेव्हापासून कानाला खडा." परी खुदकन हसली. "तू मला तुझा घास दिलास. आता माग तीन इच्छा. पण नियम नीट ऐक हं. इच्छा दुसऱ्यासाठी मागायची. कुणाचं मन मला बदलता येत नाही. आणि ज्याला दिलं त्यानंच ते घ्यायचं. त्यानं दुसऱ्याला देऊन टाकलं की जादू फुस्स!"

शेवूला विचार करावाच लागला नाही. "माझ्या आईला फुरसत दे."

परीनं चांदीची काडी फिरवली. छुम!

शेवू धावत घरी आली तर काय! भट्टी आपली आपण पेटलेली, चाळणी आपली आपण हलतेय, चुरमुरे टुणटुण उड्या मारत पोत्यात शिरतायत. धुणी धुतलेली, भांडी लखलखीत. आई अंगणात उभी, हात नुसते लोंबकळलेले. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"अगं बाई, आज काहीच काम नाही?" ती म्हणाली. "मग शेजारच्या गोजराबाईच्या गोधड्या तरी धुवून देते. बिचारीला वेळच मिळत नाही!"

आणि आईनं पदर खोचला! त्याबरोबर चाळणी थांबली, भट्टी विझली, उड्या मारणारे चुरमुरे जमिनीवर पडले. जादू फुस्स! गोजराबाई मात्र त्या दिवशी दुपारी मस्त घोरत पडली होती.

दुसऱ्या दिवशी शेवू पुन्हा राईत गेली. "आईसाठी सुंदरसं ताट दे," ती म्हणाली.

छुम! घरात पाटावर ताट आलं. वाफाळती बाजरीची भाकरी, तिच्यावर विरघळणारा लोण्याचा गोळा, हिरवीगार मेथी, शेंगदाण्याची चटणी, आणि पांढऱ्या ताकाचा तांब्या. वास असा सुटला की मांजरही शेपटी ताठ करून आत आलं.

"आई, हे तुझं! फक्त तुझं!"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझी गुणाची बाय ती!" ती म्हणाली, आणि ताट उचलून आबांपुढे ठेवलं. "आवो, तुम्ही सकाळपासून नुस्त्या चहावर आहात. घ्या जेवून."

"मला नको," आबा म्हणाले. "वाढत्या अंगाची पोर आहे. शेवूला दे."

आबांनी ताट शेवूकडे सरकवलं. शेवू ते आईकडे ढकलायला गेली, तर हातात काहीच नाही! ताट धुक्यासारखं विरून गेलं होतं. तिघंही एकमेकांवर जीव टाकणारी, आणि तिघंही उपाशी!

शेवूला रागही आला आणि रडूही आलं. आता एकच इच्छा उरली होती. ती अशी वाया घालवायची नाही, असं तिनं ठरवलं. आईची कामं आपणच करायची, म्हणजे तिला वेळ मिळेल.

दुसऱ्या दिवशी ती चिमुरडी उठल्यापासून भिंगरीसारखी फिरत होती. पाला आणला, पाणी आणलं, टोपल्या भरल्या, अंगण झाडलं.

"शेवू, ये गं, खाऊन घे," आईनं हाक मारली.

"तुम्ही घ्या जेवून," शेवू म्हणाली. "मी जेवते मागनं."

आई हसली. ऊन वर आलं. आईनं पुन्हा हाक मारली.

"एवढी टोपली होऊ दे," शेवू म्हणाली.

"अगं, पाणी तरी पी."

"एवढं पोतं भरू दे."

आणि पोतं उचलता उचलता शेवूच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती चुरमुऱ्यांच्या ढिगावर मटकन बसली आणि आडवी झाली.

आईनं चाळणी फेकली. तिनं शेवूला मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं, पदरानं वारा घातला. शेवूनं हळूच डोळे उघडले.

"सकाळपासून काय खाल्लंस गं?"

"काही नाही."

"का गं बाळा?"

"तू पण नाही खाल्लंस," शेवू पुटपुटली. "आईनं आधी सगळी कामं करायची असतात ना? मी शिकतेय. मोठी झाले की मी पण आई होणार आहे."

आईच्या मनात आलं, पोरीला आपण भाकरी थापायला शिकवलं, चुरमुरे चाळायला शिकवलं, आणि न शिकवता हेही शिकवलं! तिनं शेवूला घट्ट कुशीत घेतलं.

"आवो," ती आबांना म्हणाली, "भट्टीतलं जळण ओढा बाहेर."

"अगं पण दुकानदाराचं पोतं..."

"ऱ्हाऊ द्या पोतं. आधी जेवू."

आणि मग माळेवाडीत कधी घडलं नव्हतं ते घडलं. भर दुपारी भट्टी थंड झाली. आईनं ताज्या भाकऱ्या थापल्या, चटणी वाटली, आणि तीन पाट शेजारी शेजारी मांडले. आईनं गरम भाकरीचा पहिला घास तोंडात घातला आणि डोळेच मिटले.

"अगं बाई!" ती म्हणाली. "भाकरी गरम असताना एवढी गोड लागते होय!"

आबा हसता हसता गडबडीनं डोळे पुसू लागले. शेवू तर एवढी जेवली की तिचं पोट टुमटुमीत झालं.

तेवढ्यात खिडकीत गुलाबी उजेड पडला. चौकटीवर परी बसली होती, पाय हलवत.

"शेवूताई, एक इच्छा उरलीय हं. लवकर माग, माझी जेवायची वेळ होत आलीय!"

शेवू आईकडे वळली. "आई, तुला काय हवं?"

आईनं सवयीनं तोंड उघडलं. "आबांना एक सदरा..." मग थांबली. शेवूकडे पाहिलं. कितीतरी वेळ विचार केला. स्वतःसाठी काही मागायचं म्हणजे कसं मागायचं, हेच बिचारीला आठवेना. शेवटी ती लाजून, अगदी हळू म्हणाली,

"मला झोप हवी. पोटभर."

"परीताई, आईला झोप दे!" शेवू म्हणाली.

"वा! ही तिला दुसऱ्या कुणाला देताच येणार नाही," परी म्हणाली, आणि टाळ्या पिटत उडाली. तिनं चांदीची काडी फिरवली. आधी गुलाबी, मग केशरी, मग सोनेरी, असा उजेड घरभर पसरला. बकुळीचा मंद मंद वास आला. चुलीवरची भांडी चमकली, ठिगळांचा परकर झळाळला, आणि त्या झगमगाटात परी कुठे संपली आणि ऊन कुठे सुरू झालं, ते कुणालाच कळलं नाही.

उजेड ओसरला तेव्हा आई चटईवर झोपली होती, एक हात उशाशी घेऊन, लहान मुलीसारखी. तिच्या कपाळावर एकही आठी नव्हती. शेवू तिच्या कुशीत शिरली.

थोड्या वेळानं दारात दुकानदार आला. "सुंद्राबाई! अहो सुंद्राबाई! माझं पोतं झालं का?"

आबा ओठांवर बोट ठेवून बाहेर आले.

"मागनं या," ते हळूच म्हणाले. "शेवूची आई झोपलीय."