मानेचा कौल

डोंगराच्या कुशीत एक जंगल होतं, जंगलात अस्वलमहाराजांचं राज्य होतं, आणि राज्य अगदी लोकांच्या मतानं चालायचं. मत आधी ठरायचं. मग लोकांना विचारलं जायचं.

त्या जंगलात गयाक्का नावाची एक म्हैस होती. तिचं स्वतःचं असं कुणी नव्हतं, म्हणून ज्यांचं कुणी नव्हतं ते सगळे तिचे झाले होते. देवाच्या वडापलीकडे तिचं गवतानं शाकारलेलं सेवाघर होतं. आत अकरा जण. एक आंधळं सांबर, कंबर मोडलेली एक माकडीण, बाकीचे नुसतेच म्हातारे. परतीच्या पावसातल्या वादळात अर्धं छप्पर उडालं होतं. थंडीच्या आत शाकारलं नाही तर अकरातले किती उरतील, हे गयाक्काला नीट ठाऊक होतं. तिनं दरबारात अर्ज केला, की सरकारी गंजीतलं गवत मिळावं.

नेमका त्याच दिवशी दिवाण घोरपडबाईंनी पुलाचा प्रस्ताव मांडला. पूल व्हायचा होता बेडकांच्या ओढ्यावर. ओढा एवढा रुंद, की ससा उडी मारताना मधेच शिंकला तरी पलीकडेच पडे. पुलाच्या मजुरांच्या वैरणीला अख्खी गंजी लागणार होती. महाराज म्हणाले, राज्य लोकांचं आहे, लोकांनाच विचारा.

पाहणीचं काम नानू मुंगसाकडे आलं. तो घरोघर फिरला. पूल की छप्पर? दहातले आठ म्हणाले छप्पर, कारण प्रत्येकाच्या घरी कुणीतरी म्हातारं होतंच. एका सशानं उलट विचारलं, पुलावरून आजीला नेऊ कुठं? या उत्तराला कागदावर रकाना नव्हता, म्हणून नानूनं ते लिहिलं नाही.

घोरपडबाईंनी आकडे पाहिले आणि लोकांना प्रश्न कळला नाही, असा निष्कर्ष काढला. प्रश्न सोपा करण्यात आला. जंगलाची प्रगती हवी, की जुनं गवत? तरी दहातले सहा म्हणाले गवत.

"बोलायला लावलं की लोक विचार करत बसतात," घोरपडबाई म्हणाल्या. "यापुढे मान हलली की होकार धरा."

नानूनं अदबीनं विचारलं, नकाराची मान आडवी हलते, तिचं काय करायचं?

"हलली म्हणजे हलली. आडवी की उभी हे बघायला सरकारला सवड नाही."

आता सगळ्या जंगलात माना हलायची जागा एकच. एकादशीचं बगळेबुवांचं कीर्तन. बुवा एका पायावर उभे राहिले आणि चिपळ्या वाजल्या की समोरच्याला भूक आठवत नसे. त्या दुपारी बुवा सांगत होते, देव आजाऱ्याच्या उशाशी बसतो, ताप उतरेपर्यंत पंख्यानं वारा घालतो, आणि नैवेद्य गार झाला तरी उठत नाही. गयाक्काचे डोळे भरून आले. चाल चढली, मृदंग घुमला, आणि मृदंगाच्या मागे बसलेल्या नानूनं हळूच प्रश्न विचारला, गंजी पुलाला द्यायची ना? शंभरातल्या अठ्ठ्याण्णव माना डोलल्या. त्यात एक गयाक्काची होती. राहिलेल्या दोघांतलं कासव मान आत घेऊन ऐकत होतं, आणि घुबड झोपलं होतं.

बुवांना कळलं तेव्हा ते कळवळून म्हणाले, "नानू, अरे त्या माना देवासाठी डोलल्या रे."

नानूनं हात जोडले. "बुवा, कुणासाठी डोलली ते मानेवर लिहिलेलं नसतं."

गयाक्का तडक दरबारात गेली. तिचं म्हणणं एवढंच होतं, की माझी अकरा माणसं कीर्तनाला येऊ शकली नाहीत. ज्यांचं छप्पर त्यांनाच कुणी विचारलेलं नाही. घोरपडबाईंना गहिवरून आलं. "चुकलंच आमचं, अक्का. एकही जीव मागे राहता कामा नये. नानू, घरपोच जा."

गयाक्का हरखून परतली. सेवाघर झाडलं, सगळ्यांची तोंडं पुसली, आणि साहेब विचारायला येताहेत, मनातलं सांगा, असं दहादा बजावलं. सांबर सकाळभर "छप्पर, छप्पर" घोकत बसलं.

नानू आला. सांबरापाशी वाकून त्यानं विचारलं, "बाबा, छपराचं गवत पुलाला द्यायचं का?"

"नाही रे लेकरा," सांबर स्वच्छ म्हणालं, "थंडी येतेय." पण म्हणताना त्याची मान लटलटली, जशी गेली तीन वर्षं दिवसभर लटलटायची. नानूनं होकाराची खूण केली.

"तो नाही म्हणाला ना, नानू."

"बोलण्याची नोंद बंद झालीय, अक्का."

दुसरी मान हलली, तिसरी हलली. माकडिणीनं तर पाहणीला दोन शिव्या घातल्या, त्या मान हलवतच घातल्या. शेवटच्या खाटेवर एक थकलेलं भेकर होतं. गयाक्कानं पुढं होऊन आपली हनुवटी त्याच्या मानेवर दाबून धरली. मान थांबली. नानूनं कागदावर लिहिलं, "मतदारावर दडपण," आणि ते तिला वाचूनही दाखवलं. मग गयाक्का दमेपर्यंत तो शांतपणे उभा राहिला. कामाला तो प्रामाणिक होता.

लाभार्थ्यांचा शंभर टक्के पाठिंबा, अशी दवंडी पिटली गेली. पूल झाला. उद्घाटनाला महाराजांनी गयाक्काचा सत्कार केला आणि जाहीर केलं, की एवढा मजबूत पूल डोक्यावर असताना वेगळं छप्पर कशाला? अकराही जणांना पुलाखाली हलवण्यात आलं. तिथं वारा दोन्ही बाजूंनी यायचा. एका बाजूला गयाक्का स्वतः आडवी उभी राहू लागली. दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं.

नानू दर महिन्याला येऊन पुलाखालचे लोक समाधानी आहेत का ते पाहून जाई. पौषात अकरातले सात उरले. पाठिंबा मात्र एकशे चाळीस टक्क्यांवर गेला, कारण उरलेल्यांच्या माना आता पूर्वीपेक्षा जास्त जोरात हलत होत्या.