उलट्या मासोळीची कहाणी

ऐक गं जिवतीबाई, लेकुरवाळे, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, त्यात तांबटांची आळी होती. दिवसभर तिथं ठकठक चाले. त्या आळीत द्वारका नावाची तांबटीण राहात होती. नवरा हंडे ठोकी, ही मुलं राखी. राखी कसली, पाळत ठेवी. मूल दारात आलं की म्हणे, हात दाखव. मग म्हणे, जीभ दाखव. मग म्हणे, खरं सांग. बाई वाईट नव्हती हो. पोटची पोरं वाईट निघतील, याचीच तिला धास्ती होती.

श्रावणातल्या शुक्रवारी ती जिवतीची पूजा करी. माझ्या बाळांना चांगली बुद्धी दे, म्हणे. मग काय करी? नैवेद्याच्या पुरणाचा डबा घेई, झाकण कणकेनं लिंपी, कणकेवर आपल्या अंगठीवरची मासोळी उमटवी आणि सवाष्णीला बोलवायला जाई. देवीवर भरवसा होता, पण कणकेवर जास्त होता.

श्रावणाचा पहिला शुक्रवार आला. द्वारका परत येऊन बघते, तर कणीक जागच्या जागी, मासोळी जागच्या जागी. पण नेहमी उजवीकडं बघणारी मासोळी आज डावीकडं बघत होती. डबा उघडला. पुरण अर्धं झालेलं.

मग मुलांना पुढ्यात उभं केलं. पाच वर्षांची ठकू म्हणाली, "मी नाही खाल्लं. खाल्लं तर तू चटका देशील." दहा वर्षांचा बाजी म्हणाला, "मी नाही खाल्लं. शहाण्या मुलाला तू वाटीभर पुरण देतेस, ते बुडेल." तेरा वर्षांची रखमा गप्प राहिली. द्वारकेला वाटलं, हीच ती. एवढं डोकं थोरलीचंच. "गाठोडं बांध," म्हणाली. "श्रावण सरला की मामाकडं जा. तो तुला सरळ करील."

रखमा रडली नाही. म्हणाली, "जाते. पण आई, मी चोर आहे की नाही, हे माझं मलाच ठाऊक नाही. एकदा तरी डबा उघडा ठेवला असतास, तर मला कळलं असतं."

दारात सवाष्ण उभी होती. ती होती साक्षात जिवती. द्वारकेनं आधी तिच्या ओच्याकडं पाहिलं, हिनं काही लपवलं नाही ना? सवाष्ण हसली. म्हणाली, "बये, वसा घे. तीन शुक्रवार डबा उघडा ठेव. हात बघू नको, जीभ बघू नको, खरं-खोटं विचारू नको. तोवर लेकीला धाडू नको."

"आणि उष्टं केलं तर?"

"उष्टं वाढ. मी जेवीन."

मग पुढच्या शुक्रवारी पुरण अर्धं झालं. द्वारकेच्या ओठांवर प्रश्न आला, तिनं गिळला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुरणावर एका बोटाची खूण दिसली. तोही प्रश्न गिळला. तिसऱ्या शुक्रवारी पुरण जसंच्या तसं. तेव्हा तर ती फारच घाबरली. असं कसं होईल? कार्ट्यांनी खालचं काढून वर नुसती डाळ थापली असेल! आसपास कोणी नव्हतं. तिनं बोट खुपसलं, चाटून पाहिलं. पुरणच होतं, जायफळासकट.

आता नैवेद्य उष्टा झाला होता, आणि तो तिनंच केला होता. ओल्या हातानं ती खळगा सारखा करू लागली. करता करता तिनं आपलाच हात पाहिला आणि तिला लाज वाटली.

मग सवाष्ण आली, मुलं आली. द्वारका म्हणाली, "पुरण मी उष्टं केलं. पोरांनो, तुमचा संशय आला म्हणून."

ठकू म्हणाली, "आई, जीभ दाखव."

द्वारकेनं मुकाट्यानं दाखवली.

मग बाजी उठला. फळीमागून तांब्याचा एवढासा ठसा काढला, आईपुढं ठेवला. "मासोळी मी कोरली. कणकेवर दिसली तशीच कोरली, म्हणून उलटी उमटली. पहिलं पुरण मीच खाल्लं. आज कुणी विचारलं नाही, म्हणून सांगतो."

द्वारका रखमेपाशी गेली. तिचं गाठोडं आपल्या हातानं सोडलं. "पोरी, माझं चुकलं," म्हणाली.

रखमा म्हणाली, "आई, आज डब्यापाशी मी एकटी होते. मला कळलं."

काय कळलं, ते द्वारकेनं विचारलं नाही.

जशी जिवती द्वारकेला पावली, तिच्या डोळ्यांतली पाळत गेली, तशी तुमची आमची जावो. ही साठां प्रश्नांची कहाणी, न विचारल्या एका उत्तरीं सुफळ संपूर्ण.