द्वारकाबाईंचा व्हिसा

मुखेडच्या द्वारकाबाई मुळे व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईला आल्या होत्या. त्यांची लेक केतकी परदेशात होती. पहिलटकरीण, नववा महिना लागलेला, आणि सोबतीला नवऱ्याशिवाय कोणी नाही.

खिडकीपलीकडचे दिघेसाहेब नियमाला फार पक्के. समोरच्याला शब्दात पकडण्यात तर त्यांचा हातखंडा होता.

"बाई, फिरायला जायचा व्हिसा वेगळा, कामाचा वेगळा. तुम्ही तिकडं जाऊन काय करणार?"

"लेकीला डिंकाचे लाडू करून घालीन. बाळाला तेल लावून न्हाऊ घालीन."

"म्हणजे काम करणार! त्यासाठी लोक पगारी बाया ठेवतात. तुमचा अर्जच चुकलाय." साहेबांनी कागद परत सरकवले.

द्वारकाबाईंचे डोळे भरून आले, पण त्या खिडकीपासून हलल्या नाहीत.

"साहेब, तुम्हाला लेकरं आहेत?"

"एक मुलगी आहे. सात महिन्यांची."

"तिला तुम्ही न्हाऊ घालता, तेव्हा कामावर असता का?"

"छे! तेव्हा मी घरी असतो."

"मग मीपण घरीच चालले, साहेब. माझं घर तेवढं लांब गेलंय."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. दिघेसाहेबांनी अर्ज पुन्हा ओढून घेतला आणि 'कुटुंबभेट' या रकान्यात खूण केली.

"किती दिवस राहणार?"

"तीन महिने. बाळानं मान धरली की परत येते."

साहेबांनी सहा महिने लिहिले.

"पालथं पडायला लागलेलं बघूनच या," ते हळू आवाजात म्हणाले.