सोन्याची घागर आणि तळआळीची रीत

एका राज्यात पाणी राजवाड्यावर रुसले होते. डोंगरावरचे राजतळे राजाच्या पणजोबांच्या काळापासून ठणठणीत कोरडे होते, आणि खालची नदीही दर उन्हाळ्यात अंग चोरू लागली होती. तेव्हा भस्मनेत्र मांत्रिक सोमध्वज राजाला म्हणाला, "महाराज, नदीकाठी सखल जागी बांध घाला, नवा तलाव करा. त्याच्या दाराची किल्ली मी सांभाळीन."

सखल जागी होती तळआळी. गरीब कुंभारांची वस्ती. घरे बुटकी, भट्ट्या मोठ्या. तिथली हौसाबाई बाजारात मडकी विकायची आणि मडक्याबरोबर एक रीतही सांगायची. नव्या मडक्यातले पहिले पाणी घरच्यांनी प्यायचे नाही. वाटेने जो पहिला येईल त्याला द्यायचे, मग तो कुणी का असेना. एकदा हौसाबाईच्या दारात पहिली आली ती आदल्याच दिवशी कडाकडा भांडून गेलेली तिची जाऊ. हौसाबाईने तोंड फिरवून पाणी दिले, जाऊ तोंड फिरवून प्याली. पण हिने दिले आणि ती प्याली.

राजाची माणसे बांधाच्या आखणीची दोरी ताणायला आली, तशी सगळी आळी त्या दोरीवर जाऊन बसली. म्हाताऱ्या बसल्या, तान्ही बसली, गाढवेसुद्धा बसली. शेवटी राजा स्वतः आला.

"तुम्हांला डोंगरापलीकडे घरे देऊ," राजा म्हणाला.

"घरं द्याल, पण माती?" हौसाबाई म्हणाली. "तिकडं सगळा मुरूम, महाराज. मुरमाचं मडकं होत नाही. आम्ही तिथं जाऊन हात कुठं घालायचे?"

"मग शहराने पाणी कुठून प्यावे?"

"राजतळ्यातून. शहराला तहान लागली हे आम्हांलाही कळतं. पण रुसलेल्याची समजूत न काढता दुसऱ्याचं घर का बुडवायचं?"

भस्मनेत्र खदखदा हसला. "काढ मग समजूत! तळ्याच्या वेशीवरच्या राक्षसाला वळव, तळ्यातली खरी घागर ओळख, आणि तिच्यातून तळे भर. जमले तर आळी राहील. बांधाचा पहिला दगड बसेपर्यंत मुदत."

"शब्द झाला," राजा म्हणाला. हौसाबाई पदर खोचून डोंगर चढू लागली.

वेशीवर राक्षस बसला होता. "आत जायचे तर आयुष्याची वीस वर्षे दे!" तो गरजला.

हौसाबाईने त्याला खालून वर न्याहाळले. "वीस? अहो दादा, आत आहे काय? कोरडं तळं! कोरड्या तळ्याला एवढं कोण देतं?"

"बरे, दहा दे."

"एक डुलकी देते."

"थट्टा करतेस?"

"राहू द्या मग." हौसाबाई वळली आणि खरोखरच उतरू लागली. बाजारात उन्हातान्हात बसलेल्याला पक्के ठाऊक असते, की मागून हाक येतेच. फक्त आपण वळून पाहायचे नाही. त्यातून हा बापडा. त्याच्याकडे कित्येक वर्षांत गिऱ्हाईकच फिरकले नव्हते.

"अहो बाई! या, या! डुलकी तर डुलकी!"

हौसाबाईने आपली दुपारची डुलकी पदरातून सोडून त्याच्या तळहातावर ठेवली. राक्षस बसल्या जागी घोरू लागला. वेस मोकळी झाली.

तळ्याच्या पायरीवर एक खंड्या पक्षी पाठ करून बसला होता. "मासा आणलास?" त्याने न वळताच विचारले.

"मासा नाही. मासे आणायला आलेय."

खंड्या गर्रकन वळला. "मग ऐक. पणजोबा राजाने इथे सोन्याची घागर बुडवली आणि म्हणाला, हे पाणी माझ्या एकट्याचे. ते पाण्याने ऐकले. सगळे तळे घागरीत शिरले आणि शापाने आत अडकले. घागर कलंडली की ओंजळभर पाणी देते. आजवर जो राजा आला, त्याने ती ओंजळ पिऊन टाकली आणि घरी गेला. दुसरी ओंजळ कुणी पाहिली नाही."

तळ्याच्या तळाशी सोन्याच्या घागरींची रास पडली होती, भस्मनेत्राची माया. हौसाबाई प्रत्येकीवर बोटाची पेरे वाजवत चालली. टण, टण, टण, सगळ्या रिकाम्या डौलाच्या. एक मात्र भरल्या पोटी वाजली. ती तिने कमरेवर घेतली.

राक्षस अजून झोपलेलाच होता, तेव्हा मोकळ्या वेशीतून राजा आला, आळी आली, आणि सगळ्यांच्या पुढे धापा टाकत भस्मनेत्र आला. हौसाबाईने घागर कलंडवली. ओंजळभर पाणी हातात आले. डोंगर चढून तिच्या घशाला कोरड पडली होती. पाण्याचा नुसता वास आला आणि डोळे भरून आले.

"पी की," भस्मनेत्र म्हणाला. "पी आणि आळी बांधायला घे गाठोड्यात!"

हौसाबाईने ओंजळीकडे पाहिले, मग त्याच्याकडे. वाटेने पहिला आला होता तोच. तिने कपाळाला आठी घातली.

"घागर माझ्या हाताला नवी आहे," ती म्हणाली. "पुढं या. प्या."

"अगं हौसे, त्याला नको!" आळी ओरडली. "तूच पी!"

"रीत माणूस बघून बदलायची असती, तर जावेला कशाला पाजलं असतं?"

हपापलेल्या मांत्रिकाने तिच्या ओंजळीला तोंड लावले. प्याला, ढेकर दिली, आणि जन्मात कधी न उच्चारलेला शब्द त्याच्या तोंडून निघाला. "बास."

तेवढ्यात घागर हुंदका देऊन मोकळी झाली. पाणी पायऱ्या चढत चढत वर आले, खोट्या घागरी बुडबुड्यांसारख्या फुटल्या, आणि खंड्याने सूर मारला. आळी पोटभर पाणी प्याली; हौसाबाई सगळ्यांच्या शेवटी.

बांधाची दोरी राजाने स्वतः गुंडाळली. भस्मनेत्राची माया त्या ढेकरेबरोबरच गेली होती. तो तळ्यावर रांजण भरू लागला. तळे सर्वांचे झाले, तळआळी जिथल्या तिथे राहिली, आणि भट्ट्यांचा धूर पूर्वीसारखा सरळ वर जाऊ लागला.

पुढे राजाने राजवाड्याच्या दारात तळआळीचा नवा रांजण बसवला. हौसाबाईने तो भरला. राजाने हात पुढे केला, तशी ती म्हणाली, "थांबा महाराज, तुम्ही घरचे."

आणि सोमध्वज राजा आपल्याच दारात, तहानलेला, रस्त्याकडे डोळे लावून वाट पाहत उभा राहिला.