म्हातारा पुलर आणि गंजलेलं बेअरिंग

गावोगावी पाण्याचे पंप नवेनवे आले होते, त्या काळची गोष्ट. कासम मिस्त्रींच्या हत्यारांच्या पेटीत एक म्हातारा पुलर होता, म्हणजे घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं तीन पायांचं हत्यार. त्याचे तिन्ही पाय झिजले होते आणि त्याला आता नुसतं पडून राहावंसं वाटे.

एकदा गावच्या पंपाचं बेअरिंग दांड्यावर गंजून बसलं. हातोडा सकाळपासून घाव घालत होता. पण जागा इतकी अरुंद, की निम्मे घाव भलतीकडेच बसले आणि दांडा वाकायला आला.

शेवटी मिस्त्रींनी पुलर काढला. उसासा टाकून त्याने आपले बारीक पाय फटीत सरकवले आणि बेअरिंगला मागून धरलं.

"तूही मारणार?" बेअरिंगने विचारलं. "मलाही सुटायचंय रे. पण घाव बसला की माझी पकड आणखीच घट्ट होते."

"मारायला जोर कुठाय अंगात," पुलर म्हणाला. "दोघंही थकलोय. सावकाश निघू."

मिस्त्रींनी पुलरचा मधला स्क्रू अर्धा फेरा फिरवला, थांबले, पुन्हा अर्धा फिरवला. दुपार कलताना बेअरिंग कुरकुरत सरळ बाहेर आलं. दांड्यावर नवा ओरखडाही उठला नाही.

"असं काय केलंस रे?" हातोड्याने पेटीत पुलरला दणदणीत आवाजात विचारलं.

"हळू बोल," पेटीत पुलरशेजारी ठेवलेलं बेअरिंग म्हणालं. "त्याला आत्ताच झोप लागलीय."