चेअरमनसाहेबांचे पाहुणे

आमच्या गावच्या जिमखान्यात खिडकीशी एकच टेबल होतं. चेअरमन दाजीसाहेब दर रविवारी ते आपल्या नावानं अडवून ठेवायचे. स्वतः यायचे कधीमधी, पण दुसरं कुणी तिथं बसलेलं त्यांना खपायचं नाही.

इंदूताई जुन्या मेंबर. त्यांची धाकटी बहीण कुसुम उद्या कायमची लेकाकडे परदेशी निघाली होती. त्या खिडकीतून टेनिसचं मैदान दिसायचं. दोघी लहानपणी तिथंच खेळलेल्या. ते बघत एकदा जेवायचं, एवढंच कुसुमचं मागणं. पण कितीदा फोन केला तरी उत्तर एकच, "बुक आहे."

शेवटी त्या रविवारी इंदूताईंनी पदर खोचला आणि बहिणीला घेऊन थेट त्याच टेबलाशी जाऊन बसल्या.

"बाई, ते चेअरमनसाहेबांचं आहे," वेटर कुजबुजला.

"ठाऊक आहे. सूप आण."

नेमके त्याच दिवशी दाजीसाहेब नव्या कलेक्टरांना घेऊन जेवायला आले. बघतात तर हे.

"कुणाच्या परवानगीनं बसलात इथं?"

"तुमच्याच की," इंदूताई सूप फुंकत म्हणाल्या. "मेंबरच्या नावाच्या टेबलावर बसतो तो त्याचा पाहुणा, ही इथली रीत. आता पाहुण्यांना अर्ध्या ताटावरून उठवणार असाल, तर उठतो बापड्या. कलेक्टरसाहेब, तुम्हीही आज यांचेच पाहुणे ना? जरा जपून जेवा."

कलेक्टर खो खो हसले आणि कुसुमशेजारी खुर्ची ओढून बसले. मग दाजीसाहेब काय करतात? बसले. पाहुण्यानं बिल द्यायचं नाही, हीही तिथली रीतच, म्हणून सहीसुद्धा त्यांनीच केली.

निघताना इंदूताई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी टेबल माझ्या नावानं घेते, दाजीसाहेब. तुम्ही या पाहुणे म्हणून. मी नाही उठवणार."